घोयऱ्याला काय हवे?

(प्राणी पाळणे म्हणजे त्याला पिंजऱ्यात ठेवून खाऊ घालणे, एवढेच नव्हे. तो प्राणी जिथून आला, तिथले ऊन, पाणी, झाडे आणि हवा यांची ओळख करून घ्यावी लागते. या पाठात येमेन देशातील घोयऱ्याचा सांभाळ कसा करतात आणि आपल्याकडील घोयऱ्याशी आपण कसे वागावे, हे सांगितले आहे.)

उर्दूत आपण ज्याला 'गिरगिट' म्हणतो, त्याला मराठीत 'सरडा' म्हणतात. सोयीप्रमाणे बोलणे बदलणाऱ्या माणसाविषयी उर्दूत 'गिरगिट की तरह रंग बदलना' असा मुहावरा आहे. मराठीतही 'सरड्यासारखे रंग बदलणे' हा वाक्प्रचार आहे. म्हणजे दोन्ही भाषांनी या बिचाऱ्या प्राण्याला लबाड ठरवले आहे. पण त्याची खरी ओळख करून घेतली, तर हे मत आपल्याला बदलावे लागेल.

सरडे अनेक प्रकारचे असतात. बागेच्या कुंपणावर बसून मान वरखाली करणारा आणि चाहूल लागताच झटकन पळणारा सरडा आपण नेहमी पाहतो. त्याचा एक नातेवाईक अगदी वेगळा आहे. त्याची चाल संथ असते. शेपटी घड्याळातल्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. डोळे गोल, फुगीर आणि सतत फिरणारे असतात. मराठीत त्याला 'घोयरा' म्हणतात. इंग्रजीत तो 'कॅमेलिऑन' आणि अरबीत 'हिरबा' आहे. जगात घोयऱ्यांच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. त्यांतील बहुतेक जाती आफ्रिका खंडात आणि मादागास्कर बेटावर राहतात.

घोयऱ्याचे शरीर झाडावर राहण्यासाठीच घडलेले आहे. त्याच्या पायाची पाच बोटे दोन गटांत विभागलेली असतात. एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन. त्यामुळे त्याचा पाय चिमट्यासारखा फांदी घट्ट धरतो. शेपटीचा उपयोग त्याला पाचव्या पायासारखा होतो. त्याचा एक डोळा वर पाहत असताना दुसरा खाली पाहू शकतो. भक्ष्य दिसले, की दोन्ही डोळे त्यावर रोखले जातात आणि डोळ्याचे पाते लवण्याआधी जीभ बाहेर येते. ही जीभ त्याच्या शरीराहूनही लांब जाते. जिभेच्या टोकाला एक चिकट द्रव असतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार हा द्रव माणसाच्या लाळेपेक्षा सुमारे ४०० पट घट्ट असतो. त्यात सापडलेला किडा सहसा सुटत नाही.

आता रंगाविषयी. घोयरा ज्या वस्तूवर बसतो, त्या वस्तूचा रंग घेतो, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. त्याला थंडी वाजत असेल, तर तो गडद होतो. कारण गडद रंग ऊन जास्त शोषून घेतो. तो घाबरला, रागावला किंवा आजारी पडला, तरी त्याचा रंग बदलतो. पोटात अंडी असलेल्या काही जातींच्या माद्या अंगावर गडद रंग आणि ठळक ठिपके आणून नराला 'दूर राहा' असे जणू सांगतात. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी मादागास्करच्या घोयऱ्यावर केलेले संशोधन प्रसिद्ध झाले. घोयऱ्याच्या कातडीतील पेशींमध्ये अतिशय बारीक स्फटिक असतात. त्यांच्यामधील अंतर कमीजास्त झाले, की कातडीवरून परावर्तित होणारा प्रकाश बदलतो आणि आपल्याला रंग बदललेला दिसतो. घोयरा आवाज काढून फारसे काही सांगत नाही. रंग हीच त्याची भाषा आहे. ज्याला घोयरा सांभाळायचा आहे, त्याला ही भाषा शिकावी लागते.

युरोप आणि अमेरिकेत अनेक लोक घोयरा पाळतात. त्यांच्या घरांत सर्वांत जास्त दिसतो तो येमेनचा घोयरा. येमेन आणि सौदी अरेबियाचा नैऋत्य भाग हे त्याचे मूळ घर. त्याच्या डोक्यावर उंच तुरा असतो. दुरून पाहिले, तर त्याने टोपी घातली आहे, असे वाटते. नर मादीपेक्षा मोठा असतो. शेपटीसह त्याची लांबी दीड फुटाच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरते. नराच्या मागच्या पायांच्या टाचेवर अंड्यातून बाहेर पडल्यापासूनच एक लहानसा उंचवटा असतो. मादीला तो नसतो. या खुणेवरून पिल्लू नर आहे की मादी, हे ओळखता येते.

येमेन म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर वाळवंट उभे राहते. पण त्या देशाच्या पश्चिमेला उंच डोंगर आहेत. तिथे पाऊस पडतो, उतारावर शेती होते आणि दऱ्यांमध्ये झाडे वाढतात. दिवसा कडक ऊन, रात्री गारवा आणि पहाटे पानांवर दव, अशी तिथली हवा असते. घोयरा या हवेत लाखो वर्षांपासून राहत आला आहे. आता हा डोंगरउतार लंडन किंवा न्यूयॉर्कमधील एखाद्या खोलीत कसा आणायचा? सगळा डोंगर आणता येत नाही. पण त्यातील पाच गोष्टी आणाव्याच लागतात. त्या म्हणजे उंची, ऊन, पाणी, योग्य अन्न आणि एकांत. यांतील एक जरी कमी पडली, तरी घोयरा हळूहळू आजारी पडतो.

पहिली गोष्ट उंचीची. घोयरा जमिनीवर राहणारा प्राणी नाही. जमिनीवर त्याला असुरक्षित वाटते. म्हणून त्याचा पिंजरा रुंदीपेक्षा उंचीला जास्त असावा लागतो. मोठ्या घोयऱ्यासाठी साधारण २ फूट लांब, २ फूट रुंद आणि ४ फूट उंच पिंजरा लागतो. तो जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवतात, म्हणजे घोयऱ्याला वरून आपल्याकडे पाहता येते. पिंजऱ्याला बारीक जाळी लावतात. बंद काचेच्या पेटीत हवा कोंडते आणि ओल साचून राहते. तशा हवेत घोयऱ्याला फुप्फुसाचे आजार होतात. पिंजऱ्यात आडव्या आणि तिरप्या फांद्या बांधतात. त्यांची जाडी वेगवेगळी ठेवतात. कुंड्यांमध्ये खरी झाडे लावतात. जास्वंद त्यासाठी चांगली, कारण येमेनचा घोयरा तिची पानेफुले खातोही. कण्हेरीसारखे विषारी झाड मात्र पिंजऱ्यात कधीही ठेवत नाहीत.

दुसरी गोष्ट उन्हाची. घोयरा हा शीत रक्ताचा प्राणी आहे. आपल्या शरीराप्रमाणे त्याचे शरीर स्वतः उष्णता तयार करून तापमान सारखे ठेवू शकत नाही. तो सकाळी उन्हात बसतो. अंग तापले, की सावलीत सरकतो. पिंजऱ्यातही त्याला ही निवड करता आली पाहिजे. म्हणून पिंजऱ्याच्या वर एका कोपऱ्यात उष्णता देणारा दिवा लावतात. त्याखालच्या फांदीवर साधारण ३० अंश सेल्सिअस तापमान ठेवतात. खालच्या भागात ते २२ ते २६ अंशांपर्यंत असते. दिवा जाळीच्या बाहेर आणि पुरेसा दूर असावा. नाहीतर घोयरा दिव्याला चिकटून बसतो आणि त्याचा तुरा किंवा पाठ भाजते. रात्री सर्व दिवे बंद करतात. सुमारे बारा तास उजेड आणि बारा तास अंधार त्याला लागतो. थोडा गारवाही त्याला मानवतो.

पण उन्हात केवळ उष्णता नसते. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही असतात. त्यांतील एका प्रकारच्या किरणांमुळे कातडीत 'ड' जीवनसत्त्व तयार होते. हे जीवनसत्त्व नसेल, तर पोटात गेलेले कॅल्शियम शरीराला वापरता येत नाही. माणसाच्या मुलांना 'ड' जीवनसत्त्व मिळाले नाही, तर त्यांना मुडदूस हा रोग होतो. त्यांचे पाय वाकतात. घोयऱ्याचेही तसेच होते. त्याची हाडे मऊ पडतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा लवचीक होतो. मग त्याला फांदी धरता येत नाही आणि जीभ नीट बाहेर काढता येत नाही. पाळलेल्या घोयऱ्यांमध्ये हा आजार फार आढळतो. एकदा वाकलेले हाड पुन्हा सरळ होणे कठीण असते.

घोयरा खिडकीजवळ ठेवला, की त्याला ऊन मिळते, असे काही लोकांना वाटते. पण खिडकीच्या साध्या काचेतून हे किरण आत येत नाहीत. घरातल्या साध्या दिव्यातूनही ते मिळत नाहीत. त्यासाठी अतिनील किरण देणारी खास ट्यूबलाइट लावावी लागते. या ट्यूबलाइटबाबत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. काही महिन्यांनी तिच्यातून निघणारे अतिनील किरण कमी होतात, पण तिचा उजेड मात्र पूर्वीसारखाच दिसत राहतो. त्यामुळे ती निकामी झाल्याचे डोळ्यांना कळत नाही. म्हणून जाणकार लोक ती बसवल्याची तारीख लिहून ठेवतात आणि सहा ते बारा महिन्यांत ती बदलतात.

तिसरी गोष्ट पाण्याची. घोयऱ्यासमोर वाटीभर पाणी ठेवले, तरी तो बहुधा ते पीत नाही. साचलेले पाणी त्याला पाणी वाटतच नाही. डोंगरात तो पानांवरचे दव आणि पावसाचे थेंब चाटून पितो. म्हणून पिंजऱ्यातील पानांवर सकाळी आणि संध्याकाळी बारीक फवारा मारतात. काही लोक पिंजऱ्यावर बारीक छिद्र पाडलेले भांडे ठेवतात. त्यातून एक एक थेंब पानावर पडत राहतो. पाण्याचा थेंब उजेडात चमकला, की घोयरा सावकाश पुढे येतो आणि तो चाटतो. दोन फवाऱ्यांच्या मधल्या वेळात पिंजरा सुकलाही पाहिजे. सतत ओल राहिली, तर बुरशी वाढते.

घोयऱ्याला पाणी पुरते की नाही, हे त्याच्या विष्ठेवरून समजते. विष्ठेसोबत एक घट्ट पांढरा भाग पडतो. तो पांढरा असेल, तर सर्व ठीक आहे. तो पिवळा किंवा नारिंगी झाला, तर पाणी कमी पडत आहे, असे समजावे. डोळे खोल गेले असतील, तर तहान फारच वाढली आहे, हे ओळखावे.

चौथी गोष्ट अन्नाची. घोयरा मुख्यतः किडे खातो. रातकिडे, टोळ, नाकतोडे, रेशमाच्या किड्याच्या अळ्या हे त्याचे आवडते अन्न. येमेनचा घोयरा किड्यांबरोबर कोवळी पानेही खातो. बहुतेक घोयऱ्यांना ही सवय नसते. किडा घोयऱ्याच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा मोठा असू नये. पिल्लांना रोज खाऊ घालावे लागते, कारण त्यांची वाढ वेगाने होत असते. मोठ्या घोयऱ्याला एक दिवसाआड पाच-सहा किडे पुरतात. तो मागतो आहे, असे वाटून त्याला जास्त भरवणे हे प्रेम नव्हे. लठ्ठ घोयरा लवकर आजारी पडतो.

किड्यांमध्ये एक उणीव असते. त्यांच्या शरीरात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी असते. त्यामुळे नुसते किडे खाऊन घोयऱ्याची हाडे मजबूत होत नाहीत. यावर दोन उपाय करतात. पहिला उपाय असा, की किडे घोयऱ्याला देण्यापूर्वी एक दिवस त्या किड्यांनाच हिरवी पाने, गाजर असे चांगले अन्न देतात. किड्याच्या पोटात जे असते, तेच शेवटी घोयऱ्याच्या पोटात जाते. दुसरा उपाय म्हणजे किडे एका पिशवीत घालून त्यांवर कॅल्शियमची भुकटी टाकतात आणि पिशवी हलवतात. सर्व किडे पिठात घोळल्यासारखे पांढरे होतात. जीवनसत्त्वांची भुकटी मात्र महिन्यातून एक-दोनदाच देतात. 'अ' आणि 'ड' ही जीवनसत्त्वे शरीरात साठून राहतात. ती कमी पडली तर अपाय होतो आणि फार झाली तरीही अपाय होतो.

शेतातले किंवा बागेतले किडे पकडून घालणे धोक्याचे असते. त्यांवर कीटकनाशक पडलेले असू शकते. काजवे तर कधीच देऊ नयेत. काही जातींच्या काजव्यांमध्ये असे विष असते, की एक काजवा खाल्ल्यानेही सरड्याचा जीव जाऊ शकतो. न खाल्लेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात राहू देऊ नयेत. झोपलेल्या घोयऱ्याला ते चावतात.

पाचवी गोष्ट एकांताची. ही गोष्ट सर्वांत सोपी आहे आणि लोक तीच विसरतात. घोयरा एकटा राहणारा प्राणी आहे. एका पिंजऱ्यात दोन घोयरे ठेवले, तर ते भांडतात. भांडले नाहीत, तरी त्यांतील दुबळा घोयरा सतत भीतीखाली राहतो आणि खाणे सोडतो. समोरच्या पिंजऱ्यात दुसरा घोयरा नुसता दिसत राहिला, तरी त्याला त्रास होतो. माणसाचा हातही त्याला आवडत नाही. रानात त्याच्यावर वरून झडप घालणारा ससाणा असतो. म्हणून वरून येणारा हात त्याला शत्रूसारखा वाटतो. तो फुगतो, तोंड उघडतो, फूत्कार टाकतो. मांजराला मांडीवर घेऊन कुरवाळावे, तसे घोयऱ्याचे लाड करता येत नाहीत. त्याला दुरून पाहण्यातच आनंद मानावा लागतो. पिंजरा साफ करताना किंवा औषध देताना त्याला हात लागला, तर नंतर साबणाने हात स्वच्छ धुवावेत. सरड्यांच्या अंगावरून आणि विष्ठेतून पोटाच्या आजाराचे जंतू माणसाकडे येऊ शकतात.

मादी पाळणाऱ्यावर आणखी एक जबाबदारी असते. कोंबडी जशी कोंबड्याशिवाय अंडी घालते, तशी येमेनच्या घोयऱ्याची मादीही नराशिवाय अंडी घालते. त्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत, पण अंडी घालणे मात्र तिला भागच असते. एका वेळी तीस-चाळीस, कधी त्याहूनही जास्त अंडी असतात. त्यासाठी ती झाडावरून उतरते आणि जमिनीत खोल बीळ खणते. पिंजऱ्यात सुमारे एक फूट खोल ओलसर वाळूची पेटी ठेवली नाही, तर तिला जागा मिळत नाही. अंडी पोटातच अडकतात आणि मादी मरते. ती खणत असताना कोणी पाहत आहे, असे तिला जाणवले, तर ती खणणे थांबवते. म्हणून त्या काळात पिंजऱ्यावर कापड टाकून तिला एकटे सोडतात. तिला बेताचे खाऊ घातले, तर अंडीही कमी होतात आणि तिची शक्ती टिकते.

आजारी घोयरा ओळखणे सोपे नसते. रानात दुबळ्या प्राण्यावर शत्रू आधी झडप घालतो. त्यामुळे घोयरा आपले दुखणे शेवटपर्यंत लपवतो. तरी काही खुणा असतात. दिवसा डोळे मिटून बसणे ही सर्वांत मोठी खूण. निरोगी घोयरा दिवसा झोपत नाही. सतत गडद रंग, खाणे सोडणे, पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहणे, सुजलेले सांधे, तोंड वर करून उघडे ठेवणे आणि श्वास घेताना आवाज येणे, यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी सरड्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे लागते. चांगले पाळणारे लोक एक वही ठेवतात. घोयऱ्याने काय खाल्ले, त्याचे वजन किती, अंडी कधी घातली, हे सर्व ते लिहितात. जे लक्षण पाहून पटकन समजत नाही, ते वहीतून समजते. अशा काळजीने सांभाळलेला नर सहा ते आठ वर्षे जगू शकतो. मादीचे आयुष्य थोडे कमी असते.

एवढे कष्ट पुढे झेपत नाहीत, म्हणून काही लोक घोयऱ्याला बागेत सोडून देतात. त्यांना वाटते, आपण त्याला मुक्त केले. बहुतेक वेळा तो थंडीने किंवा उपासमारीने मरतो. जिथे हवा मानवते, तिथे उलटाच प्रश्न उभा राहतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात आणि हवाई बेटांवर येमेनचे घोयरे असेच रानात पसरले आहेत. तिथल्या किड्यांना आणि लहान प्राण्यांना या नव्या शिकाऱ्यापासून धोका आहे. म्हणजे एका घरातील निष्काळजीपणाची किंमत सगळ्या रानाला द्यावी लागते.

आता आपल्या घोयऱ्याकडे वळू. भारतातही घोयऱ्याची एक जात आहे. महाराष्ट्रात तो झुडपांत, कुंपणाच्या काटेरी झाडांवर, शेताच्या बांधावर दिसतो. हिरव्या पानांत तो इतका मिसळून जातो, की हातभर अंतरावर असूनही दिसत नाही. काही ठिकाणी त्याला विषारी समजून दगडांनी मारतात. पण घोयरा विषारी नाही. आपल्याकडचा कोणताही सरडा विषारी नाही. उलट तो झाडांवरचे किडे खातो. त्याची चाल संथ असल्यामुळे रस्ता ओलांडताना कित्येक घोयरे वाहनांखाली चिरडले जातात.

हा घोयरा आपण पाळावा का? नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ यानुसार तो संरक्षित प्राणी आहे. त्याला पकडणे, पाळणे, विकणे किंवा मारणे हा गुन्हा आहे. परदेशी घोयऱ्यांचा व्यापारही आंतरराष्ट्रीय करारानुसार परवान्याशिवाय करता येत नाही. भारतात असे परदेशी प्राणी ज्यांच्याकडे असतील, त्यांना २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारकडे नोंदणी करावी लागते. पण कायदा बाजूला ठेवून विचार केला, तरी उत्तर तेच येते. येमेनच्या घोयऱ्यासाठी लोक दिवे लावतात, फवारे मारतात, झाडे लावतात, किडे वाढवतात. हे सर्व कशासाठी? रानातील एका फांदीची नक्कल करण्यासाठी. आपल्या घोयऱ्याला ती फांदी आधीच मिळालेली आहे. तिथे ऊन आहे, दव आहे, किडे आहेत आणि एकांतही आहे.

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' अशी मराठीत म्हण आहे. ज्याची शक्ती थोडी, त्याची मजल थोडी, असा तिचा अर्थ. आज शेताभोवतीची हिरवी कुंपणे तोडून तिथे तारा आणि सिमेंटचे खांब उभे राहत आहेत. घोयऱ्याला तेवढे कुंपणही उरले नाही, तर त्याने जायचे कुठे? म्हणून त्याचा सांभाळ करायचा असेल, तर झाडे-झुडपे सांभाळावीत. बांधावर कीटकनाशक कमी फवारावे. रस्त्यावर घोयरा दिसला, तर त्याच्यापुढे एक काठी धरावी. तो आपणहून तिच्यावर चढतो. मग तो ज्या दिशेने जात होता, त्या बाजूच्या झुडपावर काठी टेकवावी. तो जखमी असेल, तर वनविभागाला कळवावे.

काठीवरून झुडपात गेलेला घोयरा क्षणभर थांबतो. त्याचा एक डोळा मागे वळून आपल्याकडे पाहतो आणि दुसरा पुढची फांदी शोधत असतो. मग पाने हलतात आणि तो दिसेनासा होतो. तो गेला असे आपल्याला वाटते. पण तो तिथेच असतो, आपल्या घरी.

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) घोयऱ्याला अरबीत काय म्हणतात?
(आ) येमेनच्या घोयऱ्याचे पिल्लू नर आहे, हे कोणत्या खुणेवरून समजते?
(इ) घोयरा पाणी कसे पितो?
(ई) आजारी घोयऱ्याची सर्वांत मोठी खूण कोणती?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) घोयरा खिडकीच्या काचेजवळ ठेवला, तरी त्याची हाडे मऊ पडू शकतात.
(आ) घोयऱ्याला देण्यापूर्वी किड्यांना चांगले अन्न देतात.
(इ) पाळलेला घोयरा बागेत सोडू नये.

प्रश्न ३. चार-पाच ओळींत उत्तरे लिहा.
(अ) घोयरा रंग का बदलतो?
(आ) मादीला वाळूची पेटी का लागते?
(इ) 'आपल्या घोयऱ्याला ती फांदी आधीच मिळालेली आहे,' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

प्रश्न ४. वाक्यात उपयोग करा.
चाहूल लागणे, झडप घालणे, दिसेनासा होणे, भाग असणे.

प्रश्न ५. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' या म्हणीसारख्या अर्थाची म्हण उर्दूत आहे का, ते घरातील मोठ्या माणसांना विचारा आणि वर्गात सांगा.

उपक्रम : शाळेच्या आवारात किंवा घराजवळ दिसणाऱ्या एखाद्या सरड्याचे आठ दिवस दुरून निरीक्षण करा. तो केव्हा दिसतो, कुठे बसतो, काय खातो आणि त्याचा रंग केव्हा बदलतो, याची वहीत नोंद करा. त्याला हात लावू नका.